बारा पोपटवाल्या

अशी कल्पना कर, की तू माझ्या स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी आहेस. मुलगा असशील तर उभा आहेस. समोर परात आहे, परातीत कोऱ्या चहाचं गार पाणी आहे आणि त्या पाण्यात सात चित्रं तरंगताहेत. सातही एकसारखी. झोपाळ्यावर बसलेली एक बाई, तिच्या मनगटावर पोपट, भोवती वेलबुट्टीची चौकट. तुझ्या हातात छोटा चपटा चिमटा आहे. घाई करायची नाही. ओल्या कागदाशी घाई केली की तो फाटतो.

तुझ्या शेजारी लावण्या उभी आहे. लावण्या बोद्धूल. वय बारा, इयत्ता सातवी, दोन घट्ट वेण्या, फ्रॉकवर रंगाचे डाग. तिच्या चिमट्याच्या टोकाला एक पोपटवाली लोंबते आहे आणि चहाचे थेंब परातीत टपटपताहेत.

"बाई, ही झाली का बघा की."

"फिकी आहे अजून. परत सोड. शंभरपर्यंत मोज."

"तेलुगूत मोजू का मराठीत?"

"ज्यात हळू मोजता येतं त्यात मोज."

ती तेलुगूत मोजायला लागली. तिच्या घरी तेलुगू बोलतात. सोलापुरात यंत्रमागावर काम करणारी पुष्कळ घरं तशी आहेत. मी गॅसवर अजून थोडं पाणी ठेवलं आणि चिमूटभर चहा जास्त टाकला.

आता तू तिथंच उभी राहा, लावण्या मोजते आहे तोवर मी तुला मागचं सांगते.

मी सोलापूरच्या एका शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. कथले बाई म्हणत मला. आमचे हे कापडाच्या गिरणीत घडी खात्यात कारकून होते. गिरणीतून कापडाचं ठाण बाहेर पडायच्या आधी त्याच्यावर एक रंगीत चित्र चिकटवलं जायचं, गिऱ्हाइकाला माल ओळखता यावा म्हणून. कुठं हत्ती, कुठं मोर, कुठं आगगाडी. गिरणीत त्यांना तिकिटं म्हणत, आणि ती मागं डिंक लावूनच छापून येत. गिरणी बंद पडली तेव्हा कुणी पंखा घरी आणला, कुणी खुर्ची आणली. आमचे हे एक ट्रंकभर तिकिटं घेऊन आले. मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

ते गेल्यावर ट्रंक पलंगाखाली पडून होती. रविवारी सकाळी माझ्याकडे गल्लीतली दहा-पंधरा मुलं चित्रकलेला यायची, त्यांतली लावण्या एक. एकदा रबर पलंगाखाली गेला म्हणून ती वाकली आणि ट्रंकच ओढून बाहेर आली. "बाई, असलं परदेशातले लोक विकत घेतात की हो. मी नेट कॅफेत बघितलंय." मी हसले. पण माझ्या पुतण्यानं जुना कॉम्प्युटर देऊन ठेवला होता, तो चालू कसा करायचा हे लावण्यालाच येत होतं. तिनं एका विदेशी वेबसाइटवर माझ्या नावानं दुकान उघडलं. पंधरा दिवसांत कॅनडातल्या एका माणसानं आगगाडीचं तिकीट घेतलं.

आमची कामाची रीत ठरून गेली. मी मराठीत सांगायची, लावण्या इंग्रजीत टाइप करायची. ती सेमी-इंग्लिशच्या वर्गात होती, अडलं की मांडीवरची डिक्शनरी चाळायची. प्रत्येक तिकिटाचा पुढून एक फोटो, मागून एक फोटो, हा नियम तिचा. पाकिटात खालीवर दोन पुठ्ठे, हा माझा. पोस्टात कस्टम्सचा कागद भरावा लागे, आत काय आहे आणि किती नग, ते लिहून खाली सही.

परदेशी गिऱ्हाईक सांभाळणं म्हणजे पहिलीचा वर्ग सांभाळण्यासारखं असतं, हे मला लवकरच कळलं. चित्र असतं एवढंसं, किंमत त्याहून एवढीशी, पण माणसं पत्रं लिहीत लांबलचक. ब्राझीलचा एकजण रोज विचारी, पाकीट कुठं आहे, कुठं आहे. मी लावण्याला म्हणाले, "लिही, आपल्या दोघांच्या मधे समुद्र आहे, तो पाकिटाला ओलांडू द्या." तिनं लिहिलं. तो इतका खूश झाला की पाकीट पोचल्यावर त्यानं समुद्राचा फोटो पाठवला. स्पेनच्या बाईंना पाकिटावर वेगवेगळी टपालतिकिटं हवी असत. अमेरिकेतल्या एकाला कोपरा फाटलेलं चित्र गेलं. आम्ही त्याचे पैसे परत केले आणि चित्र तुमच्याकडेच ठेवा म्हणून कळवलं, कारण ते परत पाठवायचा खर्च चित्राच्या तिप्पट होता. एवढ्या स्वस्त वस्तू कुणी परत पाठवत नाही, हे मला तेव्हा कळलं. ते कळलं नसतं तर बरं झालं असतं.

वस्तू पोचली की गिऱ्हाईक वेबसाइटवर शेरा लिही. आमचे त्रेसष्ट शेरे झाले होते आणि त्रेसष्टही चांगले. दुकानाच्या नावापुढं शंभर टक्के असा हिरवा आकडा दिसे. एकतीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी असा शेरा दिला नव्हता. मी तो आकडा दूधवाल्याला सांगितला, भजनी मंडळात सांगितला, बँकेच्या रांगेत पुढं उभ्या असलेल्या अनोळखी बाईलाही सांगितला.

आणि मग नॉर्वेहून इंगेरबाईंचं पत्र आलं.

त्या वयानं माझ्याएवढ्याच होत्या. पुस्तकबांधणीचं काम करत. त्यांच्या गावच्या शाळेत सगळी मिळून बारा मुलं होती, आणि शनिवारी त्या मुलांना वह्या बांधायला शिकवत. आमची पोपटवाली त्यांना आवडली होती. प्रत्येक वहीच्या पुठ्ठ्यावर एक, अशा बारा हव्या होत्या.

"आणि बाई, खाली लिहिलंय," लावण्या पडद्याला नाक लावून वाचत होती, "सगळी सेम पाहिजेत. वेगळी दिली तर मुलं भांडतात."

मी खळखळून हसले. नॉर्वे असो की सोलापूर, वर्गाची जात एकच. "लिही, मिळतील. बाराच्या बारा मिळतील. मीसुद्धा मास्तरीण आहे म्हणावं."

लावण्यानं लिहिलं, पाठवलं, आणि मग आम्ही ट्रंक उघडली.

पोपटवाल्या पाच निघाल्या.

आम्ही ट्रंक रिकामी केली, पुन्हा भरली, पुन्हा रिकामी केली. पाचच.

"सात मोर देऊ या का?" लावण्या म्हणाली.

"सारखी हवीत गं त्यांना."

"मग नाहीत म्हणून लिहिते."

"थांब जरा."

"का? नाहीत तर नाहीत की."

"आत्ताच तर हो म्हणालो. आता नाही म्हटलं तर त्या शेऱ्यात काय लिहितील?"

लावण्यानं त्या हिरव्या आकड्याकडं पाहिलं. माझ्यामुळं तिलाही त्याचा अभिमान वाटायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी मी एक पोपटवाली दोन पुठ्ठ्यांत घालून मल्लिनाथच्या प्रेसमध्ये गेले. मल्लिनाथ माझा जुना विद्यार्थी. लग्नपत्रिका छापतो. त्याच्याकडं नवं कलर झेरॉक्सचं मशीन आलं होतं.

"बाई, तुम्ही? बसा, बसा. कुणाचं लग्न काढलं?"

"लग्न नाही रे. याच्या सात प्रती हव्यात. कागद पातळ घे, जुना असेल तर बरं."

त्यानं पोपटवाली उजेडात धरली. "काय छपाई केली होती राव तेव्हाच्या लोकांनी! बाई, खरं सोनेरी नाही यायचं हां. पिवळट येईल."

"येऊ दे. सोनेरी आम्ही पेननं भरू."

"कशासाठी म्हणायचं?"

"वर्गासाठी," मी म्हणाले.

खोटं नव्हतंच. वर्ग कुणाचा, ते तेवढं सांगितलं नाही. मल्लिनाथनं पैसे घेतले नाहीत. उलट पाया पडला.

आता परातीपाशी परत ये. लावण्याचं मोजून झालंय.

कागद चहात बुडवून जुना करायची युक्ती मीच तिला शिकवली होती. शाळेच्या इतिहास प्रदर्शनात मुलं जुनी पत्रं करतात ना, कडा उदबत्तीनं जाळून, तशी. दरवर्षी माझ्या वर्गाच्या पत्रांना पहिलं बक्षीस असे. सातही तिकिटं आम्ही गॅलरीतल्या दोरीवर चिमट्यांनी वाळत टाकली, मग पोळपाटाखाली दाबून ठेवली. संध्याकाळी लावण्यानं सोनेरी पेननं वेलबुट्टी भरली. एकही रेघ हलली नाही. खऱ्या पोपटवाल्यांच्या शेजारी ठेवल्या तर चष्म्याशिवाय मलाही फरक कळेना.

"तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे," मी म्हणाले.

तिचे कान लाल झाले. तिनं पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग म्हणाली, "बाई, त्यांना लिहायचं ना? सात नवीन आहेत म्हणून?"

"लिहू की. आधी शाई वाळू दे."

दोन दिवसांनी पाकीट भरताना तिनं कॅमेरा पुढं केला. "मागचे फोटो काढायचे राहिले."

"राहू दे. त्यांना घाई आहे. शनिवारचा वर्ग असतो."

"पोचायला तीन आठवडे लागतात की हो. कुठला शनिवार?"

मला राग आला. राग तिचा नव्हता, पण निघाला तिच्यावर. "लावण्या, एवढ्याशा किमतीच्या कागदाचं मागचं-पुढचं कोण बघत बसतंय? आणि बघितलं तरी तिकडून इकडं परत कोण पाठवतंय?"

तिनं कॅमेरा खाली ठेवला.

मी पाच खऱ्या आणि सात नव्या एकत्र केल्या आणि पत्ते पिसतात तशा पिसल्या. हे मी तिच्यासमोर केलं. मग पोस्टात जाऊन कस्टम्सच्या कागदावर लिहिलं, कापडाची जुनी तिकिटं, नग बारा. खाली सही केली. माझी सही वळणदार आहे. मुलं तिची नक्कल करत.

चोवीस दिवस गेले. रविवारी दुपारी, वर्ग सुटल्यावर लावण्या कॉम्प्युटरपाशी बसली आणि ओरडली, "नॉर्वे आलं!"

मी हात पुसत आले. ती वाक्य वाचायची आणि मराठीत सांगायची.

"पाकीट पोचलं. मुलं खूप खूश झाली... थांबा हां... आमच्यातला सगळ्यात लहान सिग्वे, तो सात वर्षांचा आहे. त्यानं आपलं चित्र नाकाला लावलं आणि म्हणाला, याला चहाचा वास येतो." लावण्या खुदकन हसली. "मग सगळ्यांनी आपापलं चित्र हुंगलं. बाई, हुंगलं की हो सगळ्यांनी!"

"पुढं वाच."

"सात चित्रांना चहाचा वास येतो. पाचांना नाही. पाचांच्या मागं वाळलेला डिंक आहे. सातांच्या मागं..." तिचं हसू थांबलं. उरलेलं तिनं न थांबता, सपाट आवाजात सांगितलं. "सातांच्या मागं काहीच नाही. मी रागावलेले नाही. मला पैसे परत नकोत. पण मुलं विचारतात. मुलांना मी काय सांगू?"

पंखा फिरत होता. बाहेर शेजारच्या शेडमधले माग खडखडत होते. रविवारीसुद्धा ते थांबत नसत.

"बाई," लावण्या म्हणाली, "आता सांगू या ना? सात आपण केल्यात म्हणून?"

मी स्वयंपाकघरात गेले. तांब्याभर पाणी प्यायले. इंगेरबाईंनी विचारलेला प्रश्न अगदी सरळ होता आणि त्याचं उत्तर मला येत होतं. एकतीस वर्षं मी तेच उत्तर मुलांकडून काढून घेत आले होते, कुणी शाई सांडली, कुणी खडू चोरला, उभं राहून खरं सांगा. मी परत आले तेव्हा पडद्यावर तो हिरवा आकडा दिसत होता.

"लिही," मी म्हणाले.

लावण्या ताठ बसली.

"लिही, आमच्या घरी मदतीला एक मुलगी येते."

बटणं वाजली.

"ती लहान आहे. तिनं वर्गात सरावासाठी काही नकला केल्या होत्या. पाकीट भरताना तिच्याकडून त्या चुकून..."

बटणं वाजायची थांबली.

"बाई, मुलगी म्हणजे मी ना?"

"अगं, नाव कुठं घालतोय आपण?"

"नाव नाही. पण मीच ना?"

"त्यांना तू कुठं माहीत आहेस? नॉर्वे कुठं, सोलापूर कुठं." मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "हे बघ बाळा, लहान मुलाची चूक झाली तर कुणी मनात ठेवत नाही. मोठ्यांची ठेवतात. म्हणून म्हणते. कुणाचं काही जात नाही यात."

तिनं मान हलवली. वर्गात एखाद्याला गणित कळलेलं नसतं आणि तेवढ्यात मास्तरांची नजर त्याच्याकडं वळते, तेव्हा तो जशी मान हलवतो तशी. ती मान मी एकतीस वर्षं ओळखत आले होते. ती दिसली, की मी खडू खाली ठेवून त्या मुलाशेजारी जाऊन बसत असे. त्या दिवशी मी खिडकीबाहेर पाहिलं.

"चुकूनला 'मिस्टेक' लिहू का 'केअरलेस' लिहू?" तिनं विचारलं.

"मिस्टेक."

"मग बरं."

तिनं पूर्ण पत्र टाइप केलं, वाचून दाखवलं, पाठवलं. मशीन बंद केलं, त्याच्यावर माझा जुना टॉवेल पांघरला आणि चप्पल घालायला लागली.

"लाडू घेऊन जा गं. आजच केलेत शेंगदाण्याचे."

"नको बाई. पोट भरलंय."

इंगेरबाईंचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. मशीन चालू करून आलेलं पत्र उघडण्यापुरतं एव्हाना मलाही जमायला लागलं होतं. मला त्यातले चार शब्द कळले, त्यांत एक 'थँक्यू' होता. त्या आठवड्यात शेराही आला, चांगला. त्रेसष्टचे चौसष्ट झाले. मला हायसं वाटलं. ते लिहायला मला आत्ता जड जातंय, पण वाटलं खरं. पुढच्या रविवारी मी लावण्याला हळूच म्हणाले, "बघ, काही झालं नाही."

"होय बाई," ती म्हणाली.

वर्गाला ती येत राहिली. पुढं बसायची ती मागं बसायला लागली. वर्ग सुटला की कॉम्प्युटरकडं न जाता पाटी-पेटी आवरायची.

"आज दोन पत्रं आली आहेत गं."

"नायनाला कांड्या भरून द्यायच्या आहेत बाई." नायना म्हणजे तिचे वडील. त्यांच्या मागाला लागणाऱ्या कांड्यांवर ती सूत गुंडाळून द्यायची.

"मग संध्याकाळी ये."

"संध्याकाळी पण कांड्या आहेत."

असे पाच रविवार गेले. दुकानावर न वाचलेली पत्रं साठत गेली. ब्राझीलवाला पुन्हा काहीतरी विचारत होता.

मग पोस्टमन एक जाड पाकीट घेऊन आला. वर नॉर्वेची टपालतिकिटं. पत्ता माझा, आणि त्याच्या खाली टपोऱ्या अक्षरांत एक ओळ. 'गर्ल' एवढं मला वाचता आलं. मदतीला येणाऱ्या मुलीसाठी, असं लिहिलेलं होतं.

मी ते पाकीट दोन दिवस फडताळात, पिठाच्या डब्यामागं ठेवलं. तेही तुला सांगते. तिसऱ्या दिवशी रविवार होता. वर्ग सुटल्यावर मी लावण्याला थांबवलं आणि पाकीट तिच्या हातात दिलं.

"मला?" तिनं पाकीट उलटसुलट केलं. "परदेशातून? मला?"

तिनं ते कडेनं अगदी जपून कापलं. आतून शिंगासारखी गुळगुळीत, पांढरट पट्टी निघाली. कागदाची घडी दाबायला पुस्तकबांधणी करणारे वापरतात तशी. आणि एक लांब कागद, चार घड्यांचा. त्याच्यावर बारा वेगवेगळी अक्षरं, काही पेन्सिलीत, काही रंगीत खडूत, आणि प्रत्येक ओळीखाली इंगेरबाईंच्या अक्षरात इंग्रजी. लावण्या जमिनीवर मांडी घालून बसली. डिक्शनरी तिनं स्वतःच आणली.

"प्रिय मुली," ती वाचायला लागली. "तुझ्याकडून चूक झाली हे बाईंनी कळवलं. आमच्या वर्गात एक रीत आहे. कुणाची चूक झाली, की त्याला एकट्याला बसू द्यायचं नाही. बाकीच्यांनी आपली एकेक चूक सांगायची. म्हणून आम्ही बारा जणांनी आपली एकेक चूक लिहून पाठवतो आहोत. सगळ्या खऱ्या आहेत."

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. पुढं वाचू लागली.

"मारेन. मी फाटक उघडं ठेवलं आणि आमच्या सगळ्या मेंढ्या रस्त्यावर गेल्या. बस थांबली होती. हॉकन. मी आजोबांचे दात लपवले." लावण्याच्या तोंडून हसू फुटलं. "दात, बाई! आणि कुठं ठेवले ते विसरलो. सोल्वेग. मी बहिणीचं पत्र वाचलं आणि परत चिकटवलं. आइरिक. मी बर्फाचा गोळा मारला, त्यात दगड होता. मला माहीत होतं."

एकेक करून तिनं अकरा वाचल्या. कुठं हसली, कुठं नुसतं "आई गं" म्हणाली. बारावी ओळ मोठ्ठ्या वाकड्या अक्षरांत होती.

"सिग्वे. मी तुझं चित्र हुंगलं नसतं, तर तुला कुणी बोललं नसतं. ती माझी चूक."

कागद तिच्या मांडीवर होता. तिनं त्याच्या घड्या होत्या तशाच पुन्हा घातल्या आणि वरून नखानं दाबल्या.

"किती छान पत्र आहे," मी म्हणाले. "उत्तर लिहायला हवं. ये, बस. थँक्यू लिही सगळ्यांना."

ती उठली. मशीनवरचा टॉवेल काढला, चालू केलं, इंगेरबाईंचं नाव शोधलं. कोरा पडदा उघडला. हात बटणांवर ठेवले.

"सांगा बाई."

मी तिच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहिले.

"थँक्यू लिहिलं," ती म्हणाली. "पुढं?"

"पुढं... तूच लिही ना. तुला आलंय पत्र."

तिनं थोडा विचार केला. "त्यांनी सगळ्यांनी खऱ्या चुका लिहिल्यात. मी पण एक लिहायला पाहिजे ना? नाहीतर त्यांना कसं वाटेल?"

"हं."

"तर मी कुठली लिहू?"

ती टोमणा मारत नव्हती. बारा वर्षांच्या मुलीला इतका सरळ टोमणा मारता येत नाही. तिला खरंच प्रश्न पडला होता. "मी अण्णाच्या सायकलची घंटी मोडली आणि सांगितलं नाही. ती लिहू? पण त्यांना वाटतंय ती तर पाकिटाची आहे. पाकिटाची काय लिहू बाई?"

शेडमधले माग खडखडत होते. मी पडद्याकडं पाहिलं. 'थँक्यू'च्या पुढं ती उभी रेघ उघडझाप करत होती. तोंड उघडावं असं वाटलं आणि उघडेना. वर्गात उभं केलेल्या मुलांचं असं व्हायचं. मी त्यांना म्हणायची, सावकाश, आम्ही आहोत की इथं.

लावण्यानं वाट पाहिली. मग ती खुर्चीवरून उठली. खुर्ची तिनं माझ्याकडं वळवली आणि बसायची जागा हातानं झटकली.

"तुम्ही बसा बाई," ती म्हणाली. "अक्षर कुठं आहे ते मी दाखवते."

मी बसले. ती माझ्या उजव्या हाताला येऊन उभी राहिली, वाकली, एका बटणावर तिनं आपलं बोट टेकवलं, आणि माझं बोट तिथवर येईपर्यंत तसंच धरून ठेवलं.